छाती ७९, रंग निमगोरा

बीड जिल्ह्यात चेहरा उजळून घ्यायला मोबाइलची गरज कधीच नव्हती. त्यासाठी फ्लेक्सवाला होता. गेवराई, माजलगाव, केज, कुठल्याही तालुक्याच्या चौकात मान वर केली की दिसतं: मधोमध भाऊ किंवा दादा, वरच्या बाजूला नेत्यांची रांग, खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे आणि त्यांत एकही सावळा नाही. दिवसभर उन्हात मोटारसायकल फिरवणारा पोरगा फ्लेक्सवर साबणाच्या जाहिरातीतल्यासारखा गोरा दिसतो. डिझाइन करणारा न विचारता चेहरा उजळतो, गालावरचे डाग पुसतो. तेवढं कामातच धरलेलं असतं. पण फ्लेक्सचा एक गुण होता. वाढदिवस वर्षातून एकदाच यायचा, फ्लेक्स आठवड्याभरात उतरायचा आणि पुढे कडब्यावर झाकायला उपयोगी पडायचा.

मग हे काम खिशातल्या मोबाइलवर आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि डेटा फुकटात मिळायला लागला. पुढच्या तीन-चार वर्षांत टिकटॉक वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, तर दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. मुलामुलींनी मुक्काम हलवला, सवय तीच राहिली. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. तो वापरता येतो असं ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

यापुढे सहसा ‘मोबाइलने पोरं बिघडवली’ हे पालुपद सुरू होतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. शरीर मोजण्याची टेप मोबाइलने आणलेली नाही. ती इथे आधीपासून होती, आणि चांगली ताणून धरलेली होती.

लग्नाचा बायोडाटा घ्या. उंची, शिक्षण, रास, नाडी, मामाचं कूळ, आणि मध्येच कुठेतरी ‘वर्ण’. या रकान्यात ‘काळा’ असं लिहिलेला कागद माझ्या पाहण्यात नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, फारच झालं तर सावळा, इथे यादी संपते. निमगोरा हा तर निव्वळ बायोडाट्यासाठीच जन्माला आलेला रंग असावा. पूर्वी मुलगी पाहायला पाच-सात माणसं यायची, पोहे खाऊन जायची. आता तिचा फोटो वधू-वर ग्रुपांवर फिरतो आणि ज्यांना ती ओळखतही नाही अशा घरांत जाऊन येतो. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. त्या वेळची ती बाळं आता ऐन रील्सच्या वयात आली आहेत. मुली एवढ्या कमी असताना त्यांची निवड-पारख सैल व्हायला हवी होती. तसं झालेलं दिसत नाही.

मुलांची टेप भरतीच्या मैदानावर असते. पोलीस शिपाई व्हायचं तर मुलाला किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५. मुलीला उंची १५५. मग मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं आणि गोळाफेक. जिल्ह्यात कारखानदारी जवळपास नाही, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे तालुक्यागणिक अकॅडम्या आहेत आणि पहाटे अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने ‘ग्राउंड’ करणारी पोरं आहेत. छाती एक सेंटिमीटरने कमी भरली म्हणून परत आलेल्या मुलाच्या घरात त्या संध्याकाळी काय वातावरण असतं, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

तिसरी टेप कोयत्याची. ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारं शरीर, एवढीच त्या बाईची ओळख. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग पाळीचा त्रास हासुद्धा तोट्यात धरला जातो. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शरीराकडे अवजार म्हणून पाहण्याची सवय किती खोल जाऊ शकते, याचा याहून ठळक आकडा मला माहीत नाही. त्याच घरांतल्या मुलींची लग्नंही लवकर होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

या तिन्ही ठिकाणी मोजणारा दुसरा कुणीतरी असतो. पाहुणे, पोलीस, मुकादम. मोजून झालं की तो निघून जातो आणि निदान काही काळ माणूस आपल्या शरीराला विसरून जगू शकतो. मोबाइलने ही टेप ज्याची त्याच्या हातात दिली, हा खरा फरक. आता पाहुणे जातच नाहीत.

हे नेमकं कसं घडतं ते समजून घ्यायला लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९५४ चा सिद्धान्त आजही उपयोगी पडतो. आपण कसे आहोत हे ठरवायला पक्कं माप नसेल तेव्हा माणूस इतरांशी तुलना करतो, आणि तीही आपल्याच पातळीतल्या इतरांशी. माधुरी दीक्षित पडद्यावर होती तेव्हा धारूरच्या मुलीला तिचं कौतुक वाटलं असेल, हेवाही वाटला असेल. पण स्वतःची लाज वाटायचं कारण नव्हतं. माधुरी ती माधुरीच. आता पडद्यावर येते ती परळीची मामेबहीण, वर्गातली पुढच्या बाकावरची मुलगी, शेजारच्या गावची नवी सून. ती आपल्यासारखीच, आपल्याच उन्हातली. मग तिचा चेहरा असा आणि माझा असा का? मामेबहिणीच्या चेहऱ्यावर फिल्टर आहे हे पाहणारीला ठाऊक असतं, कारण तो तिनेही वापरलेला असतो. तरी मन ते धरून ठेवत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आधी पोचतं, ‘हे खरं नाही’ हे मागून चालत येतं.

अशी तुलना एखाद्या समाजात नव्याने शिरली तर काय होतं, याचा जुना आणि चांगला अभ्यास फिजी बेटांवरचा आहे. तिथे अंगाने भरलेली मुलगी चांगल्या घरची, नीट खाल्लेली मानली जायची, आपल्याकडच्या खेड्यात मानली जाते तशीच. १९९५ मध्ये नद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये तेवढ्याच वयाच्या मुलींची पुन्हा केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा ११.३ टक्के मुली होत्या. आणि हा सगळा परिणाम परक्या देशातल्या, परक्या रंगाच्या नट्या पाहून. तिथे मामेबहीण पडद्यावर नव्हती.

कॅमेऱ्याचीही एक गंमत आहे, ती फार कमी मुलांना कुणी सांगितलेली असते. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत लेन्स चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असते. त्या अंतरावर नाक कानांपेक्षा लेन्सच्या बरंच जवळ येतं आणि त्या प्रमाणात मोठं दिसतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे शल्यचिकित्सक बोरिस पासखोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे गणिताने मांडलं: पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं. नाक नीट करून द्या म्हणत लोक सेल्फी घेऊन डॉक्टरांकडे यायला लागले होते, म्हणून हा उद्योग करावा लागला. दुसरी गोष्ट आरशाची. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे उलट्या बाजूने पाहतो. १९७७ च्या एका साध्या प्रयोगात बायकांना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ, एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना उलटा जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. फोटोत आपण ‘कसेतरीच’ दिसतो असं वाटतं, त्याचं एक कारण एवढं किरकोळ आहे.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली. त्यांत इन्स्टाग्रामबद्दल कंपनीच्याच संशोधकांचं निरीक्षण होतं: आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणी म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं. टिकटॉकचा किस्सा आपल्याला जास्त लागणारा आहे. ‘द इंटरसेप्ट’ने मार्च २०२० मध्ये उघड केलेल्या सूचनांनुसार कुरूप चेहरा, बेढब शरीर, फार सुरकुत्या असलेल्यांचे व्हिडिओ नव्या लोकांपुढे फारसे जाऊ नयेत, असं तपासनिसांना सांगितलं होतं. मागची भिंत तडकलेली किंवा घर गरिबाचं दिसत असेल तरीही तेच. आणि आपण समजत होतो, टिकटॉकने खेड्यातल्या माणसाला मंच दिला.

दिला होता, हेही तितकंच खरं. फडातून, कोपीच्या दारातून, डोक्याला फडकं बांधून, हातात कोयता घेऊन रील करणाऱ्या बायका मी आवडीने पाहतो. त्यांतल्या काहींना हजारो लोक पाहतात. ज्या शरीराकडे आजवर फक्त मुकादमाने पाहिलं, ते नाचताना दिसतं, विनोद करताना दिसतं. खालच्या कॉमेंट मात्र वाचवत नाहीत. तिथे रंगावर मारलेला टोमणा बहुतेक वेळा जातीवर मारलेला असतो, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही.

सगळा दोष पडद्याचा आहे का, यावर संशोधकांत जोरदार वाद आहे. ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरांची आकडेवारी तपासली तेव्हा मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा अर्धा टक्काही डिजिटल वापराशी जोडता आला नाही. पण ती सरासरी झाली. सरासरीत एखादी ढासळलेली मुलगी आणि चार मजेत असलेल्या मुली एकत्र मिसळून जातात. ऑर्बेन यांनीच २०२२ मध्ये दाखवलं की काही वयं जास्त नाजूक असतात: मुलींमध्ये ११ ते १३, मुलग्यांमध्ये १४-१५, आणि मग दोघांतही १९ च्या आसपास. म्हणजे मुलीची पाळी सुरू होते ते वय, मुलाला मिसरूड फुटतं ते वय, आणि भरतीचं किंवा लग्नाचं वय. बीडमध्ये ज्या वयात टेप लागते, नेमकं त्याच वयात.

मनात बसलेली ही लाज पुढे हातातल्या ट्यूबमध्ये उतरते. गोरेपणाच्या क्रीमचा धंदा जुना; ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ पुसून ‘ग्लो’ झाली. पण तिच्यापेक्षा घातक वस्तू मेडिकलच्या काउंटरवर, औषध म्हणून मिळते. खाज, इसब यांसाठी असलेली स्टेरॉइडची मलमं, बीटामेथासोन किंवा मोमेटासोनची, चेहऱ्याला लावली की पहिल्या पंधरवड्यात खरोखर उजळपणा येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी बनतं, मुरमांची सूज बसते. कुणीतरी म्हणतं, काय लावतेस गं? तिथेच फसगत होते. काही आठवड्यांत त्वचा पातळ पडते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं वाढतात, मुलींना गालावर लव येते. घाबरून मलम बंद केलं की चेहरा लाल होऊन आग मारतो, म्हणून परत तेच लावलं जातं. देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची त्वचारोगतज्ज्ञांनी पाहणी केली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास १५ टक्के लोक चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. रील्स तेव्हा नव्हते. आज ‘सात दिवसांत ग्लो’ सांगणाऱ्या एका व्हिडिओवर मुलीचा अंगठा क्षणभर थांबला, की अ‍ॅप तिला तसलेच आणखी दहा दाखवतं.

बिननावाच्या डब्यांतली क्रीम त्याहून वाईट. तिच्यात पारा असू शकतो. पारा त्वचेतलं रंगद्रव्य बनवणारं विकर अडवतो, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातल्या एका कुटुंबातली कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासण्या झाल्या तेव्हा धागा पार्लरमधून आणलेल्या क्रीमपर्यंत गेला. केरळमधल्या डॉक्टरांनीही त्याच सुमारास अशा रुग्णांची मालिकाच नोंदवली. बहुतेकांत क्रीम थांबवल्यावर आजार उतरणीला लागला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मुलग्यांबद्दल कमी बोललं जातं, कारण मुलगे बोलत नाहीत. दंडाची बेडकी, पोटावरचे सिक्स पॅक, बुलेट, गॉगल, मागे गाणं असा साचा ठरलेला आहे. जेवणात दूध-अंडी जेमतेम असलेल्या घरातला मुलगा प्रोटीनच्या डब्याला हजारो रुपये घालतो. धावण्याच्या चाचणीत त्या दंडाचा उपयोग शून्य. उलट वजन वाढून दम लवकर लागतो. आणि शरीर साच्यात बसलं नाही तर जरब साच्यात बसवायची. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर पिस्तूल हातात घेतलेल्या पोरांचे व्हिडिओ एकामागून एक पुढे आले आणि प्रशासनाने शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. त्या व्हिडिओंकडे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिलं गेलं, ते बरोबरच. पण पिस्तुलाशिवाय आपण कुणी दिसतच नाही असं विशीतल्या मुलाला का वाटावं, हा त्याच कागदाचा मागचा भाग आहे.

आणि त्याच जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्यात, धावपटू अविनाश साबळेचं घर आहे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. धावपटू म्हणून नाव होण्याआधी दुखापतीच्या काळात त्याचं वजन बरंच वाढलं होतं, ते त्याने सरावातून उतरवलं. २०१८ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेत आली होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याचं शरीर बघा: बारीक, काटक, उन्हाने रापलेलं. रीलच्या मापाने त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पहाटे ग्राउंड करणाऱ्या पोरांना हे बरोबर कळतं, कारण त्यांची घड्याळाशी गाठ असते. शरीर काय करू शकतं याकडे लक्ष लागलं की ते कसं दिसतं याची टोचणी कमी होते, हे संशोधनातही दिसलेलं आहे. म्हणून मुलींच्या ८०० मीटरच्या तयारीकडे मी नोकरीपलीकडेही पाहतो. ट्रॅकपँट घालून, केस घट्ट बांधून, घामाघूम होऊन गावातून जाणारी मुलगी त्या तासात स्वतःला बाहेरून पाहत नसते.

मोबाइल काढून घेण्याचा मार्ग घरोघरी चालतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आणि तो मला पटत नाही. फोनबरोबर तिचा अभ्यास, मैत्रिणी आणि संकटात कुणाला तरी कळवायची सोयही जाते. बालविवाहाच्या जिल्ह्यात ही सोय छोटी नव्हे. कॅनडातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग जास्त व्यवहारी आहे: १७ ते २५ वयाच्या २२० तरुणांपैकी निम्म्यांना तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला तासाभरावर आणायला सांगितलं. बंद करायला सांगितलं नव्हतं. तेवढ्यानेही आपल्या दिसण्याबद्दलचं त्यांचं मत सुधारलं.

काही थोड्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र हे तुलनेपुरतं राहत नाही, आजार होतो. नसलेलं किंवा नगण्य व्यंग दिवसरात्र खुपत राहतं. वैद्यकात त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. असा रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा जात नाही, तो आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जातो आणि एकाचं औषध लागू पडलं नाही की दुसऱ्याकडे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत, आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतून, मोफत बोलता येतं. उन्हासाठी स्कार्फ सगळ्याच मुली बांधतात, त्याची चिंता करू नये. वर्गाच्या फोटोतून दर वेळी गायब होणारी, लग्नकार्याला जायचं टाळणारी, आरशापुढून हलत नसलेली किंवा घरातला आरसाच झाकून ठेवणारी मुलगी असेल तर विचारावं. डॉक्टर चाळणीसाठी जो एक प्रश्न विचारतात तो घरीही विचारता येतो, आणि त्यात ‘तू छान दिसतेस’ असली समजूत घालायची नसते. दिसण्याच्या विचारात दिवसातला किती वेळ जातो, एवढंच विचारायचं. उत्तर तासाभराच्या पुढे गेलं तर अंबाजोगाईची गाडी धरावी.